रक्तातले लोह आणि घरातली सोयरीक



मंडळाने आम्हांला आरोग्यावर बोलायला सांगितले. आरोग्यावर बोलायचे म्हटले की व्यसन, स्वच्छता आणि आहार हे विषय ठरलेलेच असतात. ते महत्त्वाचे आहेत, पण त्यांवर बोलणारे पुष्कळ आहेत. आज आम्ही असा विषय घेऊन उभे आहोत की जो स्वच्छतेने टळत नाही, पैशाने टळत नाही आणि नवसाने तर मुळीच टळत नाही. तो टळतो सोयरीक जुळण्याआधी दोन्ही घरांनी केलेल्या एका रक्ततपासणीने.

आपल्या साक्री तालुक्यात कोणत्याही गावात जा. बाई दमायला लागली, पोर फिकट दिसू लागले, की घरातली म्हातारी माणसे एकच निदान करतात, 'रगत कमी शे.' मग लोहाच्या गोळ्या येतात, गूळ-शेंगदाणे येतात, लोखंडी कढईत भाजी शिजवायला लागतात. बहुतेक घरांत हा उपाय बरोबरच असतो. आपल्याकडे, विशेषतः बायकांमध्ये आणि वयात येणाऱ्या मुलींमध्ये, लोहाची कमतरता फार आहे, आणि आमचे आजचे बोलणे ऐकून कोणी शाळेतली निळी गोळी किंवा गरोदरपणातली लाल गोळी फेकून देऊ नये. पण काही घरे अशी असतात की तिथे रक्त कमी असते आणि लोह मात्र गरजेपेक्षा जास्त असते. त्या घरांत हा उपाय उलटा पडतो. आज आपल्याला त्या घरांविषयी बोलायचे आहे.

लोहाचा स्वभाव आधी समजून घेऊ. मोठ्या माणसाच्या सगळ्या शरीरात मिळून लोह असते फक्त ३ ते ४ ग्रॅम. रोजच्या भाकरी-भाजीतून आतडे त्यातले १ ते २ मिलिग्रॅम घेते आणि तेवढेच कातडीच्या आणि आतड्याच्या झडणाऱ्या पेशींबरोबर बाहेर जाते. साखर वाढली तर ती लघवीतून बाहेर टाकण्याची सोय शरीराकडे आहे. लोहासाठी तशी सोय नाही. रांजणाला वरून तोंड आहे, खाली तोटी नाही, असा हा प्रकार आहे. म्हणून निसर्गाने तोंडावरच राखणदार बसवला आहे. यकृत हेप्सिडिन नावाचा एक पदार्थ तयार करते. साठा पुरेसा झाला की हेप्सिडिन वाढते आणि आतड्याचा दरवाजा बंद होतो.

हा राखणदारच जन्मतः कमी पडला तर काय होते? युरोपात, विशेषतः उत्तरेकडच्या देशांत, असा एक आनुवंशिक आजार आहे. त्याला हिमोक्रोमॅटोसिस म्हणतात. त्याचे वर्णन १८६५ साली त्रुसो या फ्रेंच डॉक्टरने केले, १९३५ साली शेल्डन या इंग्रज डॉक्टरने तो आनुवंशिक आहे असे मांडले आणि १९९६ साली त्याचे जनुक सहाव्या गुणसूत्रावर सापडले. त्या लोकांत साधारण दोनशे माणसांमागे एकाकडे आई आणि बाप दोघांकडून आलेले हे सदोष जनुक असते. चाळिशी-पन्नाशीपर्यंत लोह साचत जाते, मग यकृत कडक होते, मधुमेह होतो, कातडी काळवंडते, हृदय थकते. उपचार ऐकला तर आपल्या लोकांना हसू येईल. त्या माणसाचे रक्त काढायचे, आधी दर आठवड्याला एक पिशवी, पुढे वर्षातून काही वेळा. रक्ताबरोबर लोह जाते आणि माणूस नीट जगतो.

युरोपातला हा मुख्य दोष भारतीय लोकांत जवळजवळ सापडत नाही. म्हणजे आपण सुटलो का? नाही. आपल्याकडे लोह साचते ते वेगळ्या वाटेने, आणि ती वाट आपल्या दारावरून जाते. तिची नावे थॅलेसेमिया आणि सिकलसेल.

दोन्ही आजार हिमोग्लोबिनचे आहेत आणि दोन्ही अकराव्या गुणसूत्रावरच्या एकाच जनुकाच्या बिघाडातून होतात. थॅलेसेमियात हिमोग्लोबिनचा एक भाग नीट तयारच होत नाही. सिकलसेलमध्ये तो तयार होतो, पण त्यातला एक घटक बदललेला असतो. साखळीतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, हे इंग्राम या शास्त्रज्ञाने केंब्रिजमध्ये १९५६-५७ साली दाखवले. एका कडीच्या बदलाने गोल रक्तपेशी विळ्यासारखी वाकडी होते, बारीक शिरांमध्ये अडकते, आणि मग हाडे फुटल्यासारखे दुखते. उसाच्या तोडीला गुजरातेत गेलेला मजूर दिवसभर उन्हात राहतो, पाणी पीत नाही, रात्री थंडीत उघड्यावर झोपतो, आणि पहाटे सांधे धरून ओरडू लागतो. त्याला कोणी बाहेरची बाधा म्हणतो, कोणी कामचुकार म्हणतो. त्याच्या अंगात कोणी शिरलेले नसते. त्याच्या पेशी वाकलेल्या असतात.

आता लोहाकडे येऊ. थॅलेसेमिया मेजरच्या मुलाला सहा महिने ते दोन वर्षांच्या आतच रक्त चढवावे लागते, आणि पुढे दर दोन ते चार आठवड्यांनी, आयुष्यभर. रक्ताच्या एका पिशवीत साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम लोह असते. महिन्याला एकच पिशवी धरली तरी वर्षाला अडीच ग्रॅमच्या घरात लोह त्या लहानग्या शरीरात जाते. मूल मोठे होऊन महिन्याला दोन पिशव्या लागू लागल्या की मोठ्या माणसाच्या सबंध शरीरात जेवढे लोह असते त्याहून जास्त ते एका वर्षात घेते. बाहेर जायला वाट नाही. त्यातून आणखी एक खोड अशी की थॅलेसेमियात हाडांतला मगज सारखा 'रक्त कमी, रक्त कमी' असा निरोप पाठवत राहतो, त्या निरोपाने हेप्सिडिन दबते आणि आतडेही लोह ओढू लागते. म्हणून ज्यांना क्वचितच रक्त चढवावे लागते अशा मध्यम थॅलेसेमियाच्या माणसांतही लोह साचते. असा माणूस दवाखान्यात गेला, हिमोग्लोबिन सात आले, आणि कोणी न तपासता लोहाचे इंजेक्शन दिले, तर काय होत असेल याचा आपणच विचार करा.

पांझरेच्या खोऱ्यातल्या एका मुलाची गोष्ट आम्हांला माहीत आहे. नाव-गाव सांगण्याचे कारण नाही. वर्षाचा असल्यापासून त्याला बाटली चढवत होते. आई-बाप मोलमजुरी करणारे, पण एक तारीख त्यांनी चुकवली नाही. पहाटेची एसटी धरायची, दिवसभर रक्तपेढीच्या दारात बसायचे, रात्री परत यायचे. त्यांना वाटे, बाटली हाच उपचार. रक्तातले लोह मोजायचे असते, त्यासाठी फेरिटिन नावाची चाचणी असते आणि साचलेले लोह काढण्याचे औषध असते, हे त्यांना कोणी नीट बसून सांगितले नाही. उलट अशक्तपणासाठी टॉनिक म्हणून लोहाचे औषधही चालू होते. तेराव्या वर्षी तो आठ वर्षांच्या मुलाएवढा दिसे. मिसरूड फुटले नाही, रंग काळवंडला. पंधराव्या वर्षी पायांवर सूज आली, धाप लागू लागली आणि तो गेला. लोकांनी म्हटले, रक्त कमी पडून गेला. तो रक्त कमी पडून गेला नाही. त्याचे हृदय लोहाने थकले होते. थॅलेसेमियाच्या रुग्णांच्या मृत्यूचे हेच प्रमुख कारण आहे.

आणि हे टाळता येते. साधारण दहा ते वीस वेळा रक्त चढवून झाले किंवा फेरिटिन हजाराच्या वर गेले की लोह काढण्याचे औषध सुरू करायचे असते. पूर्वी त्यासाठी डेस्फेरॉल हे एकच औषध होते. पोटाच्या कातडीत सुई टोचून, लहान पंपाने, रात्री आठ-दहा तास, आठवड्यातून पाच-सहा रात्री ते द्यावे लागे. गरिबाच्या पोराला ते कुठून मिळणार? तोंडाने घ्यायचे डेफेरिप्रोन भारतात १९९५च्या सुमारास सिप्ला कंपनीने आणले. अमेरिकेत त्याला मान्यता मिळायला २०११ साल उजाडले, म्हणजे या एका बाबतीत आपण पुढे होतो. त्यानंतर डेफेरासिरॉक्स आले. ही औषधे डॉक्टरांच्या नजरेखालीच घ्यायची, कारण डेफेरिप्रोनने पांढऱ्या पेशी अचानक घसरू शकतात आणि डेफेरासिरॉक्समध्ये मूत्रपिंड व यकृतावर लक्ष ठेवावे लागते. अशा मुलाच्या घरी लोखंडी कढई नको, लोहाचे टॉनिक नको. जेवणाबरोबर चहा पिऊ नये असे आपण एरवी सांगतो, कारण चहा लोह शोषू देत नाही. या मुलाला तोच चहा जेवणाबरोबर चालतो.

सिकलसेलच्या रुग्णाला एवढे रक्त लागत नाही. ज्यांना वारंवार चढवावे लागते त्यांच्यात लोह साचते, म्हणून त्यांचेही फेरिटिन पाहावे. एक स्पष्ट करतो. सिकलसेल आहे म्हणून लोह जास्तच असणार असे नाही. एखाद्या रुग्ण बाईत किंवा वाहक बाईत लोहाची कमतरताही असू शकते, आणि मग तिला गोळी दिलीच पाहिजे. मुद्दा गोळीला विरोध करण्याचा नाही. आधी मोजा, मग द्या, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आता हे येते कुठून? प्रत्येक माणसाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक बापाकडची. एक प्रत बिघडलेली आणि एक चांगली असली तर तो माणूस वाहक. वाहक आजारी नसतो. तो नांगर धरतो, पोलीस भरतीत धावतो, तिचे बाळंतपण होते. थॅलेसेमियाच्या वाहकाचे हिमोग्लोबिन थोडे कमी राहील, एवढेच. पण दोन्ही वाहक एकत्र आले तर प्रत्येक गरोदरपणात चारांत एक शक्यता मूल आजारी होण्याची, चारांत दोन वाहक होण्याची आणि चारांत एक पूर्ण निरोगी होण्याची. इथे आपले लोक हिशेबात घसरतात. 'पहिले पोर आजारी निघाले, आता पुढची तीन चांगली,' असे आम्ही कितीतरी बापांच्या तोंडून ऐकले आहे. चिठ्ठी दर खेपेला नव्याने काढली जाते. मागे काय निघाले ते तिला ठाऊक नसते. एकाच घरात तीन मुले आजारी असू शकतात आणि एकही नसू शकते.

आणि आईचा दोष म्हणाल, तर एकट्या आईकडून हा आजार येतच नाही. दोघांकडून आल्याशिवाय तो होत नाही. तरीही टाकले जाते ते सुनेलाच.

काही लोक म्हणतात, सिकलसेल हे आदिवासींचे दुखणे, आपल्या वस्तीत कशाला तपासणी? भारतात तो प्रथम १९५२ साली निलगिरीतल्या आदिवासींमध्ये आणि आसामच्या चहामळ्यांतल्या मजुरांमध्ये आढळला हे खरे. आपल्या पश्चिम भागात, पिंपळनेरच्या पुढे, आणि शेजारच्या नंदुरबार जिल्ह्यात तो आहे हेही खरे. पुण्याचे डॉ. काटे यांनी सातपुड्यात वर्षानुवर्षे काम करून दाखवले की भिल्ल, पावरा अशा काही जमातींत वाहकांचे प्रमाण शंभरात वीस ते पस्तीसपर्यंत जाते. पण १९५८ साली नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी लॅन्सेट या नियतकालिकात मध्य भारतातल्या सिकलसेलविषयी लिहिले, आणि त्यानंतरच्या अनेक पाहण्यांत विदर्भातल्या आपल्याच समाजात वाहक मोठ्या संख्येने आढळले. १९५६ साली त्याच नागपुरात आपण धर्म बदलला. पेशीतल्या जनुकाला धर्मांतराची खबर नसते. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. ज्या मुलुखात पिढ्यान्‌पिढ्या हिवताप होता तिथे वाहक माणसे हिवतापातून जास्त तगली, हे ॲलिसन यांनी १९५४ साली आफ्रिकेत दाखवले. जंगलाच्या कडेला, गावकुसाबाहेर, डासांच्या पाण्यापाशी ज्यांना राहावे लागले त्यांच्यात हे जनुक टिकले असेल, तर तो कलंक त्यांचा नव्हे.

त्यातून जातीतल्या जातीत लग्न. बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीचे मूळ नेमके इथेच दाखवले होते, जातीच्या आत लग्न करण्याच्या बंधनात. आज जनुकशास्त्र वेगळ्या दारातून त्याच खोलीत येते. ज्या लहान गटात लग्ने आतल्या आत होतात, मामाची मुलगी करतात, तिथे सारख्याच दोन चिठ्ठ्या एकत्र येण्याची शक्यता वाढते. सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली या समाजांत थॅलेसेमिया जास्त आहे, त्यामागेही हेच कारण आहे. म्हणजे अनुवंशाने श्रीमंत-गरीब असा भेद केलेला नाही.

मात्र आंतरजातीय लग्न केले म्हणजे तपासणी नको, असे आमच्या तरुण मित्रांनी समजू नये. सिकलसेलचा वाहक मुलगा आणि थॅलेसेमियाची वाहक मुलगी पुण्याला कंपनीत भेटले, लग्न केले, तर त्यांच्या प्रत्येक मुलालाही चारांत एक शक्यता सिकल-थॅलेसेमियाची. इथे एक खाच आहे. शिबिरात होते ती सोल्युबिलिटी चाचणी. तिच्यात सिकलसेल कळतो, थॅलेसेमियाचा वाहक कळत नाही. 'निगेटिव्ह'ची चिठ्ठी घेऊन निर्धास्त होऊ नका. रक्ताची पूर्ण तपासणी आणि एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस करा. ही तपासणी आयुष्यात एकदाच पुरते. रक्त चढवल्यावर लगेच करू नका, तेव्हा दुसऱ्याच्या पेशी मोजल्या जातात.

तपासणीने लग्ने मोडतील ही भीती आम्हांला पदोपदी भेटते, आणि ती खोटी नाही. मुलगी पाहायला आलेल्या मंडळींनी तिचे कार्ड मागितले, त्यावर 'एएस' असे अक्षर दिसले आणि चहाचा कप तसाच ठेवून मंडळी उठली, हे घडले आहे. मुलाचे कार्ड कोणी विचारले नव्हते. तो 'एए' असता तर त्यांच्या एकाही मुलाला आजार झाला नसता. म्हणून आम्ही आग्रहाने सांगतो की पहिली तपासणी मुलाची व्हावी. मुलगा वाहक नसेल तर मुलीच्या कार्डाने आजाराचा प्रश्नच उभा राहत नाही. आणि ही तपासणी मुलगी पाहायच्या दिवशी नको. दहावी-बारावीत असताना दोघांचीही होऊन जाऊ द्या, म्हणजे ते कार्ड आधारकार्डासारखे साधे वाटेल.

सायप्रस नावाचे एक छोटे बेट आहे. तिथे सात माणसांत एक थॅलेसेमियाचा वाहक. तिथल्या चर्चने १९८३च्या सुमारास नियम केला की तपासणीचा दाखला आणल्याशिवाय लग्न लावणार नाही. दाखल्यात काय आहे हे चर्च विचारत नाही, तपासणी झाली की नाही एवढेच विचारते. बहुतेक जोडप्यांनी दोघे वाहक असूनही लग्न मोडले नाही. त्यांनी गरोदरपणात तपासणी करून निर्णय घेतला, आणि आजारी मुलांचे जन्म जवळजवळ थांबले. आपल्याकडे मंगल परिणयाच्या नोंदणीचा अर्ज आपल्याच मंडळाचा असतो. त्यात एक ओळ घालायला कोणत्या सरकारची परवानगी लागते?

लग्न झालेले असेल आणि दोघे वाहक निघाले, तर गर्भाची तपासणी साधारण दहाव्या ते बाराव्या आठवड्यात करता येते. लिंगनिदानाला कायद्याने बंदी आहे, पण हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक आजारासाठी नोंदणीकृत केंद्रात ही तपासणी त्याच कायद्याने मान्य केली आहे. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय इम्युनोहिमॅटोलॉजी संस्था आहे, तिथे हे काम चालते. पुढे काय करायचे तो निर्णय त्या नवरा-बायकोचा. सासूचा नाही, आमचाही नाही. मात्र उशीर झाला तर निर्णय त्यांच्याही हातात राहत नाही, म्हणून पाळी चुकताच जायचे.

ज्यांच्या घरी आजारी मूल आहे त्यांच्यासाठी थोडे. सिकलसेलच्या रुग्णाला हायड्रॉक्सियुरिया या गोळीने दुखण्याचे झटके कमी होतात. ती सरकारी दवाखान्यात मागा. पाणी भरपूर, थंडीत अंग झाकलेले, ताप आला तर वाट न पाहता दवाखाना. थॅलेसेमियाच्या मुलाच्या भावा-बहिणीचा मगज जुळला तर प्रत्यारोपणाने तो आजार जातो. त्यासाठी कोल इंडिया कंपनीच्या पैशातून २०१७पासून थॅलेसेमिया बाल सेवा योजना चालू झाली, तीत १० लाखांपर्यंत मदत मिळते. २०२३ साली इंग्लंड-अमेरिकेत जनुकच दुरुस्त करणाऱ्या उपचाराला मान्यता मिळाली, पण त्याची किंमत ऐकून आपण गप्प बसावे हे बरे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आणि थॅलेसेमिया दोन्ही आहेत, तेव्हा प्रमाणपत्रासाठी अर्ज करा. सही मिळेपर्यंत चार खेटे पडतील, पडू द्या.

१ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे त्याचे उद्दिष्ट ठरले. ते प्रामुख्याने आदिवासी भागासाठी आहे, म्हणून आपल्या वस्तीत गाडी आपोआप येईल असे धरून बसू नका. साक्रीच्या ग्रामीण रुग्णालयात पत्र घेऊन जा आणि शिबिर मागा. पुढच्या तपासणीसाठी धुळ्याचे भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. शिबिराला फक्त पोरी पाठवू नका. पोरे शेतावर गेली, क्रिकेटला गेली ही सबब आम्ही फार ऐकली आहे. शिबिर रविवारी ठेवा, सकाळी सातला, आणि यादीत मुलांची नावे आधी लिहा. रक्त द्यायला उपाशी यावे लागत नाही, हेही जाहीर करा, म्हणजे त्या कारणाने कोणी घरी राहणार नाही.